सात नंबरची कडी

"वस्ताद, घोड्यांना भुतं दिसतात का?"

हा प्रश्न माझा नव्हता. म्हणजे तोंड माझं होतं, प्रश्न भोंगा आणि चिमटीचा. या माझ्या शाळेतल्या मैत्रिणी. भोंगा कुजबुजली तरी शेजारच्या वर्गात ऐकू जातं, आणि चिमटी फारसं बोलतच नाही, दंडाला चिमटा काढून काम भागवते. बसमध्येच पैज लागली होती: पहिल्या दिवशी, सगळ्यांसमोर, तबेल्यातल्या त्या खडूस म्हाताऱ्याला हे विचारून दाखवायचं. वर्षभरापूर्वीची मी असते तर पोटात दुखतंय सांगून घरी पळाले असते. तेव्हा मी हजेरीलासुद्धा अशी 'हजर' म्हणायचे की बाई दोनदा विचारायच्या. मग शाळेच्या नाटकात राणी झालेली मुलगी ऐन दिवशी गोवराने आडवी झाली, पडदा ओढता ओढता सगळे संवाद पाठ झालेली मी एकटीच निघाले, आणि मला ढकललं स्टेजवर. त्या दिवशी जो आवाज सापडला तो आता परत जायचं नाव घेत नाही. बाबा मला 'तोफ' म्हणतात.

तर तोफ डागली. वीसच्या वीस पोरं फिदीफिदी हसली. वस्ताद हसले नाहीत, रागावलेही नाहीत. हातातल्या दोरीचं भेंडोळं खुंटीला अडकवून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पाचला सात कमी आहेत," ते म्हणाले. "थांब जरा. डोळ्यांनीच बघ."

पाच वाजता मागच्या मैदानातून घोडे आत यायला लागले. सगळ्यात शेवटी एक करडी, म्हातारी घोडी होती. पाठ खाली बसलेली, डोळ्यांवर खळगे, चालणं असं की जणू सगळी घाई आपल्या वाट्याची नव्हेच. तिचं खरं नाव कुणी घेत नाही, सगळे तिला 'मावशी' म्हणतात. मधल्या बोळातून ती सरळ येत होती. दोन्ही बाजूंना घोडे बांधायच्या जागा, त्याला तिथे ठाण म्हणतात, आणि प्रत्येक ठाणावर नंबर. सहा नंबर गेला. सातपाशी ती थांबली.

सात नंबरचं ठाण रिकामं होतं. रिकामं, पण झाडलेलं. कोपऱ्यात पाण्याची बादली, काठोकाठ भरलेली. भिंतीत एक जाड लोखंडी कडी.

मावशीने मान लांब केली. दोन्ही कान पुढे. नाकपुड्या हलल्या आणि घशातून अगदी खालच्या पट्टीत एक आवाज आला, कुणीतरी आपलं माणूस दारात दिसल्यावर येतो तसा. ती थांबली. आम्ही सगळे थांबलो. मी मनात वीसपर्यंत मोजलं. मग तिने श्वास सोडला आणि पुढे, आपल्या अकरा नंबरमध्ये निघून गेली.

कुणीही हसलं नाही. चिमटीने माझा दंड धरला, पण चिमटा काढायचं विसरली.

"रोज?" मी विचारलं.

"रोज," वस्ताद म्हणाले. "आता लीद कुठे टाकायची ते बघा. फावडी तिकडे आहेत."

आमचं कम्युनिटी कॉलेज म्हणजे कुणीही यावं आणि काहीही शिकावं असं ठिकाण. एका खोलीत आजोबालोक कॉम्प्युटर शिकतात, पलीकडे बायका वेल्डिंग करतात. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या मुलांना आठवड्यातल्या दोन दुपारी तिथे जाता येतं. मी निवडलेल्या कोर्सचं नाव 'उद्योजकता आणि अश्वसंगोपन'. सोमवारी धंदा, गुरुवारी घोडे. ही जोडी ऐकून बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण धंद्याच्या मॅडमनी (आम्ही त्यांना 'धंदेवाल्या मॅडम'च म्हणतो, त्यांनाही ते माहीत आहे) पहिल्याच तासाला समजावून सांगितलं. घोड्याचं सगळं काम येणारी माणसं जन्मभर दुसऱ्याच्या तबेल्यात राबतात, कारण स्वतःचं काही उभं कसं करायचं ते त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

आई हसली नव्हती. फॉर्मवर 'उद्योजकता' मोठ्या अक्षरांत होतं आणि 'आणि अश्वसंगोपन' खालच्या ओळीत, बारीक. मी अंगठा त्या खालच्या ओळीवर ठेवून फॉर्म पुढे केला. हो, केला. सही करताना आई एवढंच म्हणाली, "धंद्याचं शीक. चांगलं आहे. तबेल्याकडे मात्र फिरकायचं नाही."

"का गं?"

"माश्या असतात."

आईचं आमच्याच इमारतीत खाली दुकान आहे. चेन बदलणं, बॅगांचे पट्टे शिवणं, कोट आवळणं. दिवसभर जुन्या कातड्यात हात घालणाऱ्या बाईला माश्यांची काय भीती? पण तेव्हा सही झाली होती, मी आनंदात होते, आणि आनंदात असलं की मला प्रश्न पडत नाहीत.

दुसऱ्या गुरुवारी गाठ शिकायची होती. घोडा बांधायची म्हणून एकच गाठ असते. दोरी कडीच्या फेऱ्यातून ओवायची, तिचा फासा करून गाठीत अडकवायचा आणि टोक मोकळं लोंबत ठेवायचं. घोडा कितीही जोर लावो, गाठ धरून ठेवते. पण माणसाने ते मोकळं टोक एकदा ओढलं की क्षणात सगळं सुटतं. तिथे तिला ओढगाठ म्हणतात. वस्तादांनी एकदा करून दाखवली, आणि दुसऱ्यांदा करायला दोरी उचलेपर्यंत माझी बांधून झाली होती.

"बघू," ते म्हणाले.

मला ही गाठ येते हेच मला माहीत नव्हतं. म्हणजे हिला घोड्याची गाठ म्हणतात हे माहीत नव्हतं. आमच्या घरात सगळं असंच बांधतात. कपड्यांची दोरी, रद्दीचा गठ्ठा, माझ्या लहानपणीच्या टोपीचे बंद. टोक वीतभर लांब सोडायचं, एकदा ओढून सुटतं का बघायचं, मग पुन्हा बांधायचं. आई प्रत्येक गाठ दोनदा बांधते. बाबा म्हणतात, हिच्याशी लग्न लागायला दुप्पट वेळ लागला.

मी तसंच केलं. बांधली, ओढून सोडली, पुन्हा बांधली.

वस्तादांनी ते वीतभर टोक बोटांत धरलं. बराच वेळ धरलं.

"कुणी शिकवलं?"

"आईने. म्हणजे शिकवलं नाही, बघून बघून आलं."

"तुझ्या आईच्या," ते म्हणाले आणि थांबले. मग आवाज खाली गेला. "उजव्या तळहातावर पांढरी रेघ आहे का? आडवी?"

आहे. अंगठ्याच्या खालून करंगळीपर्यंत. लहानपणी मी तिच्यावरून बोट फिरवायचे. तापलेल्या तव्याचा दांडा धरला होता, असं आई सांगायची.

"तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी दोरी खाली ठेवली आणि सरळ बाहेर निघून गेले. उरलेला तास आम्ही खरारे धुतले.

त्याच दिवशी मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि एकदा दिसल्यावर न दिसणं जमेना. प्रत्येक ठाणावरच्या कडीला पातळ सुतळीचा एक छोटा फेरा बांधलेला होता. घोड्याची दोरी कडीला बांधायचीच नाही, त्या सुतळीला बांधायची. एक, दोन, तीन, अगदी बारा नंबरपर्यंत. फक्त सात नंबरची कडी उघडी होती. नुसतं लोखंड.

घरी आले तर आई दारातच उभी. मी नेहमीसारखी सुरू झाले, आज बसमध्ये भोंगा काय म्हणाली आणि कंडक्टर कसा दचकला. आईने माझ्या बाहीवरचा एक केस उचलला. करडा, जाड, हाताएवढा लांब. उजेडात धरून पाहिला.

"हा आयाळीचा आहे," ती म्हणाली.

"हं."

"करडी आहे?"

तोफ पार थंड.

"वय काय तिचं?"

"तेवीस. वस्ताद म्हणतात..."

वस्ताद हा शब्द ऐकून आईने तो केस घट्ट मुठीत धरला. बाबा आतून 'कोण गं' करत आले आणि आमच्या दोघींची तोंडं बघून तिथेच थबकले. आईने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने माझं जॅकेट उतरवून घेतलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले, आणि मग ते थेट पाण्यात बुडवलं.

"दुसऱ्या सत्राच्या फॉर्मवर मी सही करणार नाही," पाण्याकडे बघत ती म्हणाली. "पहिलं सत्र पूर्ण कर. पुढे नाही."

"पण दुसऱ्या सत्रात एक घोडा आपल्या नावावर मिळतो! त्याचं सगळं आपणच करायचं!"

"म्हणूनच."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं हाच त्यांचा धंदा. पण ते म्हणाले, "तुझी आई जिथे नाही म्हणते ना तोफखाना, तिथे माझं पेन चालत नाही."

त्यानंतरचे आठवडे घर विचित्र झालं. आई मला काही विचारायची नाही, पण गुरुवारी पाचच्या सुमाराला दुकानातलं मशीन बंद व्हायचं. हे मला शेजारच्या किल्लीवाल्याने सांगितलं. 'तुझी आई गुरुवारी पाच वाजता नुसती सुई धरून बसते, तब्येत बरी आहे ना?' आणि तिकडे गुरुवारी पाच वाजता मावशी सात नंबरपाशी थांबायची. मी बोळात उभी असायचे आणि मला वाटायचं, या दोघी एकाच गोष्टीकडे बघताहेत आणि मी मध्ये उभी असून मला ती दिसत नाही. बादलीचं पाणी वस्ताद रोज बदलायचे. कशासाठी, ते विचारायची हिंमत माझ्यात नव्हती. हो, माझ्यात.

मावशीला मात्र मी आवडायला लागले होते. हे मी उगाच म्हणत नाही, पुरावा आहे. मी खरारा करताना ती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून सगळं वजन टाकायची. पण चोर होती बाई! एका गुरुवारी मी तिला बांधून खूर खरवडायची आकडी आणायला गेले, परत येते तर मावशी गायब. तिने दातांनी माझ्या गाठीचं टोक ओढलं होतं. शोधत गेलो तर ती चंदीच्या, म्हणजे घोड्यांच्या दाण्याच्या खोलीत, तोंड पोत्यात घालून, अशी उभी जणू घरमालकीण. सगळा वर्ग लोटपोट. भोंगा ओरडली, "घोड्याला गाठ सोडता येते, तुला बांधता येत नाही!" ते वाक्य दोन दिवस शाळेत फिरलं.

तो अपमान मला चावत राहिला. आणि मला एक युक्ती सुचली, माझी मलाच. पुढच्या गुरुवारी, फॉर्म द्यायच्या आदल्या दिवशी, मी मावशीला मैदानातून आत आणून बांधलं आणि गाठीचं मोकळं टोक उचलून फाशातूनच आत घातलं. झालं. आता ओढ म्हणावं. टोक आधी फाशातून बाहेर काढल्याशिवाय गाठ सुटणारच नाही, आणि तेवढी अक्कल मावशीला नव्हती. तिने दात लावले, ओढलं, गाठ आणखी घट्ट झाली. मी तिच्या नाकावर टिचकी मारली. "कसं काय, मावशी?"

मग खिडकीतून भोंगाने हाक मारली, आणि मी बांधलेल्या घोड्याला एकटं सोडून तिकडे गेले.

चार वाजले असतील. बाहेर गवताच्या गठ्ठ्यांवर झाकलेलं मोठं प्लास्टिक वाऱ्याने सुटलं आणि फाडकन बोळाच्या दारावर येऊन आपटलं. मी वळले. मावशी मागच्या पायांवर जवळजवळ बसली होती, मान ताणलेली, डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं. दोरी तारेसारखी झाली. मी धावले. टोक ओढलं. काही होईना. ओढतेय, ओढतेय, गाठ दगड झालेली. मी दोरी दोन्ही हातांनी धरली आणि दोरी माझ्या हातातून सरकली, आग आग झाली...

फट्.

सुतळी तुटली. कडीवरचा तो पातळ फेरा. मावशी मागच्या मागे चार पावलं गेली, धडपडली, उभी राहिली. तिच्या मानेला लोंबत होती ती दोरी, टोक आत घातलेली गाठ तशीच, त्यात अडकलेले सुतळीचे तुकडे. ती थरथरत बोळातून चालत गेली आणि सात नंबरपाशी थांबली. पाच वाजले नव्हते. सात नंबरची ती उघडी कडी भिंतीवर हलत होती, बारीक, टिक टिक. वारा बोळात तिथपर्यंत पोचत नाही.

वस्ताद धावत आले होते. त्यांनी मावशीकडे पाहिलं, दोरी पाहिली, गाठ पाहिली. चेहऱ्यावरचं रक्त असं उतरलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"टोक कुणी आत घातलं?" ते म्हणाले. ओरडले नाहीत. कुणी झोपेत बोलावं तसं म्हणाले.

बोळात सगळे जमले होते. कुणाचं तरी नाव सांगता आलं असतं. गप्प बसता आलं असतं. माझे तळहात जळत होते.

"मी," मी म्हणाले. "मी घातलं. आणि हिला एकटीला सोडून गेले. माझीच चूक आहे."

वस्ताद खाली, उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले. मला वाटलं आता तबेल्यातून हाकलणार. ते रडायला लागले. मोठं माणूस, आवाज न करता.

बाकीच्यांना त्यांनी घरी पाठवलं. माझ्या हातांना थंड पाणी लावलं, मलम लावलं, आणि बोलले.

मावशीच्या आईचं नाव चोरटी. चोरटीला दातांनी गाठी सोडायची सवय होती, म्हणून ते नाव. तेव्हा कड्यांना सुतळ्या नव्हत्या, दोरी थेट लोखंडाला. "म्हणून मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं," वस्ताद म्हणाले, "चोरटीला बांधलंत की टोक आत घाला. त्या दिवशी सकाळीसुद्धा तुझ्या आईला सांगितलं. एकोणीस वर्षांची होती. तबेल्यातली माझी सगळ्यात हुशार मुलगी. छपराचं काम चाललं होतं, दुपारी वरून पत्रा पडला. चोरटीने जीव खाऊन ओढलं. लोखंड तुटलं नाही, दोरी तुटली नाही. मी सुरी घेऊन येईपर्यंत मान मोडली होती. तुझी आई दोरीला लोंबकळत होती, हात सोलवटलेले. आणि मी काय केलं? सगळ्यांसमोर ओरडलो. टोक कुणी आत घातलं म्हणून."

बाहेर कुठेतरी घोडा फुरफुरला.

"ती एक शब्द बोलली नाही. निघून गेली. संध्याकाळी पाचला शिंगरू आत आणलं, चार महिन्यांचं, आईला शोधत सातपाशी थांबलं, तेव्हा मला आठवलं की सांगितलं मीच होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. परत आलो. आणखी एकदा गेलो, परत आलो. मग सगळ्या कड्यांना सुतळ्या बांधल्या. घोड्याने ओढलं तर सुतळी तुटली पाहिजे, मान नाही."

"आणि सातला?"

"तिथे माझा हात चालत नाही."

निघताना त्यांनी मावशीच्या मानेची दोरी काढून माझ्या पिशवीत ठेवली, गाठीसकट. "आईला दाखव. सांग, तो प्रश्न मी मलाच विचारायला हवा होता."

घरी आई आणि बाबा जेवणाच्या टेबलापाशी होते. बाहेर अजून उजेड होता. मी दोरी टेबलावर ठेवली आणि सांगायला लागले, आणि पहिल्यांदाच कुठेही मीठमसाला लावला नाही. माझी चूक आधी सांगितली. मग वस्तादांचं सगळं.

आई दोरीकडे बघत होती. सुतळीचे तुकडे बघत होती.

"त्यांनी सांगितलं होतं ते मला आठवतं," ती म्हणाली. "कधीच विसरले नव्हते."

"मग बोलली का नाहीस?"

"सांगितलं सगळ्यांनाच होतं गं. बाकीचे टोक आत घालून तिच्यापाशी उभे राहायचे. मी मैत्रिणींची हाक आली म्हणून खिडकीपाशी गेले. हसत होते. पत्रा पडला तेव्हा मी हसत होते." तिने तळहात उलटा केला, टेबलावर ठेवला. "रोज ऐकते मी ते. कुणी आत घातलं. पाणी तापत ठेवलं की ऐकते, मशीन चालवताना ऐकते. तेवीस वर्षं उत्तर द्यायचं राहिलंय."

बाबांना हे माहीत नव्हतं. लग्नाला अठरा वर्षं झाली, आणि त्यांना तवाच माहीत होता. त्यांनी खुर्ची जवळ सरकवली. मग थोड्या वेळाने, बोलायचं म्हणून नव्हे तर त्यांचा विचार तसाच चालतो म्हणून, म्हणाले, "लिफ्टचा खालचा ब्रेक रोजच्यासाठी नसतो. दोर तुटेल त्या एका दिवसासाठी असतो. तो दिवस आल्याशिवाय कुणाला सुचत नाही."

"शिंगरू कसं आहे?" आईने विचारलं.

"म्हातारं झालंय. चोर आहे. माझ्या खांद्यावर झोपतं."

आई हसली की हुंदका होता, मला नाही कळलं. ती खाली दुकानात गेली आणि कातड्यात भोकं पाडायची आरी घेऊन आली. गाठ दगडासारखी होती. आईने आरीचं टोक गाठीत घातलं, हलकेच, एक एक पदर सैल केला. पाच मिनिटं लागली असतील. माझे जळणारे हात आणि तिचा रेघेचा हात त्या दोरीवर शेजारी शेजारी होते. मग तिने चिमटीत धरून ते टोक फाशातून बाहेर काढलं, आणि ओढलं.

गाठ सुटली. दोरी सरळ होऊन टेबलावर पडली. आई तिच्याकडे बघतच राहिली.

मला तेव्हा धंदेवाल्या मॅडम आठवल्या. सत्राच्या शेवटी प्रत्येकाने एक वस्तू ठरवायची होती आणि मी कोरा कागद देणार होते. आता ठरली. मॅडम विचारतील, तुझ्या वस्तूचं काम काय? मी सांगणार, तुटणं. त्या म्हणतील, अगं, लोक वस्तू तुटत नाही म्हणून विकतात. विकू देत. कडी आणि दोरी यांच्यामधला कातड्याचा एक छोटा पट्टा, नेमका हवा तेव्हा तुटणारा, एक माणूस उत्तम शिवू शकतं आणि ते माझ्या समोर बसलं होतं.

पण ते नंतरचं. आधीचं आधी. मी उठून उभी राहिले. उभं राहिल्याशिवाय मला महत्त्वाचं बोलता येत नाही.

"आई, बाबा, ऐका. मी दुसरं सत्र करणार. आणि मावशीला माझ्या नावावर घेणार. ती म्हातारी आहे, कदाचित वर्षही काढणार नाही, मला माहीत आहे, रडायचं ते मी रडेन. फॉर्म उद्या सहापर्यंत चालतो. पण आई, सही तू इथे करायची नाहीस. तबेल्यात येऊन करायची, मावशी आत येईल तेव्हा. वस्तादांना जे उत्तर द्यायचं ते दे, नाहीतर गप्प उभी राहा, मी बोलेन. पेन मी घेते. सुतळी तू घे. सात नंबरच्या कडीला अजून कुणी बांधलेली नाही."